मावशीचा अंगठा

माझी मावशी दिवसाला आठ-दहा माणसांचे दात घासायची आणि त्यातला एकही माणूस समोर नसायचा. दात मात्र असायचे. वरचे, खालचे, गुलाबी हिरड्यांसकट, ताटात ओळीने मांडलेले. पहिल्यांदा येणारा माणूस ते ताट बघून दचकायचा. मग मावशी म्हणायची, "घाबरू नका, चावत नाहीत. चावायला लागले की आम्ही लगेच पाठवून देतो."

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या कवळ्या बनवायच्या तीन खोल्या आहेत. पहिलीत प्लास्टर, दुसरीत मेण आणि दात बसवायचं काम, तिसरीत घासायची मोटर. खाली डॉक्टर मापं घेतात, वर आम्ही तोंडं तयार करतो. मी दुसऱ्या खोलीत बसतो, मावशी तिसऱ्या. मधलं दार कधी बंद होत नाही, कारण चौकटीत कित्येक वर्षांचं प्लास्टर साठून घट्ट झालंय. मोटरवर कापडाचं चाक फिरतं, चाकावर दगडाची ओली भुकटी टाकतात आणि ती निम्मी समोरच्याच्या अंगावर उडते. त्यामुळे मावशी संध्याकाळी स्टुलावरून उठायची ती भुवयांपर्यंत राखाडी होऊन. एकतीस वर्षं ती त्या स्टुलावर बसली.

तिने लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर एवढी तोंडं बघते, घरी आणखी एक कशाला?" पण एक तोंड तिच्या घरी आलंच, ते माझं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मावशीने मला वाढवलं, शिकवलं, आणि शिक्षणात माझे दिवे फारसे लागत नाहीत हे दिसल्यावर स्वतःच्या शेजारच्या खोलीत आणून बसवलं. मेण कसं तापवायचं, दात कसा कलता ठेवायचा, सगळं तिचंच. बोलणं तेवढं माझं स्वतःचं. ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.

मावशीच्या कामाच्या दोन सवयी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रत्येक कवळीसोबत एक चिठ्ठी यायची, तिच्यावर ज्याची कवळी त्याचं नाव. मोटर सुरू करण्याआधी मावशी ते नाव एकदा वाचायची, हलक्या आवाजात, पण पूर्ण. मी एकदा चेष्टेने विचारलं, "हजेरी घेतेस का गं?" तर म्हणाली, "नाव न घेता कुणाच्या तोंडात हात घालायचा का?" दुसरी सवय अंगठ्याची. काम झालं की कवळी प्लास्टरच्या जबड्यावर बसवायची आणि चार ठिकाणी अंगठ्याने दाबून बघायची. केसभर जरी हलली तरी कवळी माझ्या टेबलावर परत. रागावणं नाही, भाषण नाही. "हलतंय," एवढंच. मला ते कधी दिसायचं नाही. डॉक्टर भिंगातून बघायचे तेव्हा दिसायचं.

आता माझी गोष्ट. टाळता आली असती तर टाळली असती.

आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी एक उपक्रम काढला. दर रविवारी मंडळीतल्या एका कामकरी माणसाने उभं राहून साक्ष द्यायची: माझ्या रोजच्या कामात मला प्रभू कसा भेटतो. एका नर्सबाईंनी दिली, एका बसच्या ड्रायव्हरने दिली. ड्रायव्हरची साक्ष तीन मिनिटांची होती आणि त्यातली दोन मिनिटं ब्रेकवर होती, पण लोकांना आवडली. मग पाळकसाहेब मावशीकडे आले.

"तुम्ही बोला," ते म्हणाले. "एकतीस वर्षांचा अनुभव आहे तुमचा."

"मी काय बोलू? दात घासते मी."

"तेच सांगा."

"ते सांगून झालं की साहेब," मावशी म्हणाली आणि हसून पाणी आणायला आत गेली.

मी तिथेच बसलो होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मीच म्हणालो, "मी बोलेन." पाळकसाहेबांना हायसं वाटलं. मला तर आधीच व्यासपीठ दिसायला लागलं होतं.

तो सगळा आठवडा मी साक्ष लिहिण्यात घालवला. घरी नाही, कामाच्या टेबलावर. मेणाच्या दिव्याशेजारी कागद आणि कागदावर वाक्यं. काय वाक्यं होती! "मी दात बसवत नाही, मी हसू परत देतो." "प्रत्येक कवळी मी अशी घडवतो, जणू ती प्रभूच्याच हाती द्यायची आहे." हे लिहून मी स्वतःच गहिवरलो. आणि कागदाच्या खाली, साच्यात, एक खरी कवळी माझी वाट बघत पडली होती.

ती होती गायनाच्या बाईंची, खालची. बाई म्हणजे आमच्या चर्चमध्ये गीतं शिकवणाऱ्या वयस्क शिक्षिका. मीही लहानपणी त्यांच्याकडेच गायला शिकलो. त्यांची जुनी कवळी तुटली होती आणि रविवारच्या उपासनेआधी नवी हवी होती. त्या रविवारी प्रभुभोजनही होतं, म्हणजे भाकरीचा तुकडा चावायचा. शनिवारपर्यंत देतो म्हणून मीच शब्द दिला होता.

हिरड्यांचं गुलाबी पीठ कालवून साच्यात भरलं की साचा पाण्यात ठेवून हळूहळू तापवायचा असतो. सहा-सात तास मंद, शेवटी थोडा वेळ उकळी, मग त्याच पाण्यात आपोआप निवू द्यायचा. घाई केली की आत बुडबुडे धरतात आणि कवळी वाकते. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. हे काम मी शुक्रवारी लावायला हवं होतं. शुक्रवारी मी साक्षीचा शेवटचा परिच्छेद तिसऱ्यांदा लिहीत होतो. शनिवारी सकाळी मावशी नवा चष्मा आणायला गेली होती. मी साचा थेट उकळत्या पाण्यात टाकला, दीड तासाने काढला आणि नळाखाली धरून गार केला. दुपारी मला घरी जाऊन आरशासमोर सराव करायचा होता ना! कुणासाठी काम करतो, हे सांगायचा सराव.

मावशी नवा चष्मा लावून आली. चिठ्ठी घेतली, बाईंचं नाव वाचलं, कवळी घासली. मोटर थांबली. नंतर बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मी दारातून पाहिलं तर ती अंगठ्याने दाबत होती. चार ठिकाणी, पुन्हा चार ठिकाणी.

"अरे, ही हलतेय मला."

"नाही गं."

"उकळलीस का थेट?"

"छे, काहीतरीच. नेहमीसारखीच केली."

तिने पुन्हा दाबली. मला उशीर होत होता. मी हसत म्हणालो, "मावशी, डोळ्यांना नवा चष्मा मिळाला, आता अंगठ्यालाही एक घे. म्हातारा झालाय तुझा अंगठा."

ती हसली नाही. उजव्या हाताचा अंगठा तिने डोळ्यांसमोर धरून बघितला. मग कवळी चिठ्ठीत गुंडाळून माझ्या हातात दिली. संध्याकाळी डॉक्टरांनी ती बाईंच्या तोंडात बसवली तेव्हा दवाखाना बंद करायची वेळ झाली होती. बाई म्हणाल्या, बसते, छान बसते. त्यांना रविवारी गायचं होतं, त्या दुसरं काय म्हणणार?

रविवारी मी बोललो. बारा मिनिटं बोललो. हसू परत देतो म्हणालो तेव्हा दोन-तीन बायकांनी डोळे पुसले, आणि प्रभूच्या हाती वगैरे म्हणालो तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने "आमेन" म्हटलं. मी समोरच्या रांगेकडे बघून बोलत होतो. समोरच्या रांगेत गायनाच्या बाई होत्या. गीताच्या वेळी त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. एका हाताने त्यांनी तोंड झाकलं होतं.

मग प्रभुभोजन झालं. भाकरीचा तुकडा बाईंनी तोंडात घेतला. जबडा एकदा हलला, थांबला. त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि खाली घेतला तेव्हा तुकडा रुमालात होता आणि रुमालाला लाल डाग होता. त्यांनी घाईने घडी घातली. हे माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही. मी माझा तुकडा गिळला.

बाहेर लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. बाईही आल्या, तोंडावर हात धरूनच. "किती मनापासून बोललास रे बाळा," म्हणाल्या. मी म्हणालो, "सगळं प्रभूचं आहे, बाई." आजही हे वाक्य आठवलं की धरणीने पोटात घ्यावं असं वाटतं.

सोमवारी त्या कवळी घेऊन आल्या. हिरडीला दोन ठिकाणी जखमा होत्या. डॉक्टर कवळी हातात घेऊन वरच्या मजल्यावर आले आणि दिव्यासमोर धरून बघायला लागले. एका कडेला ती किंचित वाकलेली दिसत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्लास्टरकडे पाहिलं.

"डॉक्टर, ही माझ्या हातून गेली," मावशी म्हणाली. "मला शंका आली होती, पण अंगठ्याची खात्री वाटेना, म्हणून मी सोडली."

"अहो, होतं कधी कधी. नवी करू."

"पूर्वी झालं नव्हतं." तिने हात ॲप्रनला पुसले. "अंगठा गेला माझा. या महिन्याच्या शेवटी मी थांबते. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा."

मला खरं सांगायला तीन शब्द पुरले असते: मी उकळली होती. बारा मिनिटं बोलणाऱ्याला तीन शब्द जमले नाहीत. मी स्वतःची समजूत घातली की हे आपण तिला घरी सांगू. घरी वाटलं, जेवताना नको. जेवल्यावर वाटलं, दमलीय बिचारी. खरं कारण वेगळंच होतं आणि मला ते ठाऊक होतं. हे सांगितलं असतं तर साक्ष खोटी ठरली असती, आणि साक्षीचं तर नाव झालं होतं. पलीकडच्या वस्तीतल्या चर्चनेही मला बोलावलं होतं. मी गेलो. तिथे तर मावशीचीही गोष्ट घातली, नाव वाचायची. लोक फार हेलावले.

बाईंची नवी कवळी मी सात तास पाण्याशेजारी बसून केली आणि ती चांगली बसली. तेवढ्याने भागेल असं वाटलं होतं. पण मावशी बसली होती शेजारच्या खोलीत, आणि ती आता प्रत्येक कवळी दाबायची आणि दाबून झाली की माझ्याकडे घेऊन यायची. "तू बघ रे जरा. मला नाही कळत." दिवसातून आठ-दहा वेळा. मी अंगठ्याने दाबायचो. माझ्या अंगठ्याला कधी काही कळलंच नव्हतं. तरी मी म्हणायचो, "ठीक आहे." ती मान हलवायची. चिठ्ठीवरचं नाव ती अजून वाचायची, पण आता आधी वाचायची तशी नाही. एखाद्याचं काहीतरी आपल्याकडून बिघडणार असल्यासारखी, चाचरत.

मी कामाला आणि देवाला आयुष्यभर दोन खणांत ठेवलं होतं. कामाच्या खणातून वेळ चोरून देवाच्या खणात टाकला की पुण्य झालं, असा माझा हिशेब. मावशीकडे खण एकच होता. ती त्याच्याबद्दल बोलली नाही, कारण तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. आणि मी नेमका तोच खण तिच्याकडून काढून घेतला होता, एका थट्टेच्या वाक्यात.

शेवटचा शनिवार आला. मावशीने स्टूल पुसलं, चाकं धुऊन वाळत घातली, ॲप्रन घडी करून पिशवीत ठेवला. डॉक्टरांनी तिला थांबवायचा प्रयत्न केला, पण ती म्हणाली, "लोकांच्या तोंडाचा प्रश्न आहे." मी पिशवी उचलून घेतली आणि तिच्या मागे जिना उतरलो.

रविवारी उपासनेत मोकळ्या प्रार्थनेची वेळ असते. ज्याला वाटेल त्याने उठून प्रार्थना करायची. इतक्या वर्षांत मावशी कधी उठली नव्हती. त्या दिवशी माझ्या शेजारी बाक कुरकुरलं आणि ती उभी राहिली. पुढचं बाक तिने दोन्ही हातांनी धरलं होतं.

"प्रभू, एकतीस वर्षं हे हात चालवलेस, तुझे आभार," ती म्हणाली. "बाईंच्या कवळीत माझ्या अंगठ्याने चूक केली. मला ती नक्की कळली नाही. त्यांना रक्त आलं. मला क्षमा कर. बाईंनीही करावी. आमेन."

सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. मीसुद्धा म्हटलं.

उपासना संपल्यावर आम्ही पायऱ्या उतरत होतो. तिने एका हाताने माझा दंड धरला होता, आणि त्या हाताचा अंगठा नेमका माझ्या दंडावर टेकला होता. मला ते सहन होईना.

"मावशी, अंगठा बरोबर होता तुझा."

"काय?"

"मी थेट उकळली होती. नळाखाली गार केली. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. कवळी हलतच होती."

ती थांबली. मला वाटलं, रडेल. वाटलं, थोबाडीत देईल, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती हिशेब जुळवत असल्यासारखी समोर बघत राहिली.

"म्हणजे मी आत्ता आत जे म्हणाले ते खोटं?"

"तुला ठाऊक नव्हतं गं."

"अरे, मी देवाला खोटं सांगून आले. डोळे मिटून, सगळ्यांसमोर." तिने हात काढून घेतला. "मला ठाऊक नव्हतं. तुला होतं. तू माझ्या शेजारी बसला होतास. आमेन म्हणालास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती वळली आणि पायऱ्या चढायला लागली. "चल आत. लोक आहेत अजून."

लोक होते. बाकांजवळ उभे राहून बोलत होते. बाई गीतांची पुस्तकं गोळा करत होत्या. मी पुढे उभा राहिलो आणि बोलायला लागलो, आणि एकही वाक्य धड जुळेना. "कवळी मी... ते उकळलं. मावशीला कळलं होतं. मी नाही म्हणालो." एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नसेल. कुणी डोळे पुसले नाहीत, कुणी "आमेन" म्हटलं नाही. पाळकसाहेब स्वतःच्या बुटांकडे बघत होते. बसचा ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता, आणि त्याला काय वाटतंय ते मला कळलं.

गायनाच्या बाई पुस्तकं हातात घेऊन जवळ आल्या. "त्या दिवशी मी ती भाकर घरी नेली," त्या म्हणाल्या. "पाण्यात मऊ करून खाल्ली. आणि स्वतःला रागावले. म्हटलं, पोराने एवढा जीव ओतून केलंय आणि आपण कुरकुरतोय." मग त्या मावशीकडे वळल्या. मावशीचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ धरून ठेवला.

घरी ॲप्रनची पिशवी दाराशी होती तशीच होती. ती परत येईल का, हे विचारायचा अधिकार मला उरला नव्हता. सोमवारी मी एकटाच लवकर निघालो, डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि टेबलावर येऊन बसलो. डॉक्टरांनी मला कामावर ठेवलं, यात माझं काही कर्तृत्व नाही.

साडेनऊला जिन्यावर पावलं वाजली. मावशी आली, ॲप्रन बांधला, स्टुलावर बसली. शनिवारच्या तीन कवळ्या माझ्याकडून तिच्या ताटात गेल्या होत्या. तिने पहिली चिठ्ठी उचलली आणि नाव वाचलं, ठणठणीत. मोटर चालली, थांबली. ती मधल्या दारात आली आणि कवळी माझ्या टेबलावर ठेवली.

"हलतंय," म्हणाली.

दुसरीही तशीच परत आली. तिसरी परत आली तेव्हा मी ती प्लास्टरच्या जबड्यावर बसवून सगळीकडून दाबली, भिंग लावून पाहिली. मला ती कुठेच हलताना दिसेना. "नाही गं" तोंडाशी आलं होतं. ते गिळलं, आणि कवळी नव्याने करायला घेतली.